पाहुण्याचं पाणी

शाम राठोडला एका जागी बसवायचं असेल तर त्याच्या हातात काहीतरी काम द्यावं लागतं. रिकामा शाम म्हणजे डोक्याला ताप. लग्नाच्या पंगतीत बसला तरी त्याचं लक्ष बुंदीकडे नसतं, पाणी वाढणाऱ्याच्या हातातल्या तांब्याकडे असतं. "कुठलं आहे हे पाणी?" असं तो विचारतो. वाढणारा म्हणतो, "टाकीचं." शाम म्हणतो, "टाकीत कुठून आलं?" आणि तोवर शेजारच्या माणसाला ठसका लागून तो बिचारा पाण्यासाठी हात हलवत असतो. बसल्या बसल्या उजवा गुडघा हलत राहतो तो वेगळाच. त्याची आई मोतीबाई म्हणते, "ह्या पोट्ट्याच्या पायात भिंगरी हाये अन् तोंडात वकील."

आता त्याचा धंदाच पाण्याची चौकशी करत हिंडण्याचा, त्यामुळे कोणाला फार बोलताही येत नाही. वणीच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो नमुने गोळा करायला आहे. मोटरसायकलला मागे निळी पेटी, पेटीत बाटल्या आणि तपासणीचं थोडं सामान, आणि समोर झरी जामणीकडची जंगलातली गावं. पंप गाठायचा, थोडा वेळ पाणी वाहू द्यायचं, त्याच पाण्यानं बाटली विसळून भरायची. औषधाचे थेंब टाकले की पाणी गुलाबी होतं; तसंच राहिलं तर ठीक. पिवळं पडलं तर त्यात फ्लोराईड जास्त. असं पाणी प्यायलेल्या लहान पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात आणि वर्षं गेली की मोठ्या माणसांची हाडं धरतात. चवीला मात्र काही कळत नाही. मग अशा पंपाला लाल रंग मारायचा, म्हणजे इथलं पिऊ नका.

याआधी शाम औषधाच्या दुकानात होता, मग कोळशाच्या डेपोत काट्यावर होता. दोन्हीकडे त्याचं पटलं नाही. मालकानं काही सांगितलं की हा विचारायचा, "कशावरून?" मालक लोकांना हा प्रश्न आवडत नाही. नोकरी देणाऱ्याला तर मुळीच आवडत नाही.

ह्या "कशावरून"चं सगळं खापर फोडायचं ते कमलाकर दाणी सरांच्या उन्हाळवर्गावर. दाणी म्हणजे यवतमाळातलं जुनं शिकलेलं घर. आजोबा वकील, वडील कचेरीत, आणि हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, यांनी दर मे महिन्यात तांड्यांवरची आणि कोलामांच्या वस्त्यांवरची, म्हणजे पोडांवरची, पोरं यवतमाळात आणून त्यांना प्रयोग शिकवायचं खूळ काढलं. शाळेच्या रिकाम्या खोल्यांत मुक्काम, दिवसभर बाटल्या, भिंगं, चुंबकं, आणि दोन्ही वेळा सरांच्या पत्नी शुभदाताईंच्या हातचं वरणभात. तिथे नियम एकच होता. कोणीही काहीही म्हटलं की बाकीच्यांनी ओरडायचं, "कशावरून?" आणि म्हणणाऱ्यानं करून दाखवायचं. सरांनी सकाळी "आज ऊन फार आहे" म्हटलं तरी पोरं ओरडायची, आणि सर खरंच तापमापी घेऊन अंगणात जायचे.

सातवीतल्या शामचं नाव त्याच्या गुरुजींनी पाठवलं. सरांचा निरोप होता की येताना प्रत्येकानं आपल्या गावचं प्यायचं पाणी बाटलीत भरून आणावं. शामचा लालसिंग नायकाचा तांडा झरी जामणीच्या वाटेवर, माळावर. तांड्यावरची माणसं पूर्वी नाल्याच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत. शाम तिसरीत असताना तांड्याच्या मधोमध हातपंप आला. तेव्हा त्याची बहीण ममता झोळीत होती. पंप आल्यापासून बाया सुटल्या, नाला मागे पडला.

शाम निघाला त्या सकाळी बाटली भरून तयारच होती. मोतीबाईनं ती ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या पिशवीत घातली होती.

वर्गात बाटल्यांची रांग लागली. सर थेंब टाकत गेले आणि एकेकाचं पाणी पिवळं पडत गेलं. वणीकडच्या पोराचं पिवळं, मारेगावकडच्या पोरीचं पिवळं. शामचं मात्र गुलाबी राहिलं. सरांनी ती बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी चिमूटभर वाळू होती. सरांनी बाटली हलवली, वाळू उठून बसली, आणि सर म्हणाले, "पोरांनो, बघून घ्या. असं पाणी शोधून सापडायचं नाही. नशीबवान तांडा आहे रे तुझा, राठोड." त्या दिवशी एकाही पोरानं "कशावरून?" ओरडलं नाही. जे डोळ्यांना दिसत होतं त्याला काय विचारायचं?

शामची छाती फुगली ती फुगलीच. सरांनाही पोरगा आवडला. त्यांनी खटपट करून त्याला यवतमाळच्या वसतिगृहात घातलं. बारावी, मग रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. सगळं त्या गुलाबी बाटलीच्या मागोमाग आलं. सुट्टीत घरी गेला की तो पहिल्यांदा तांब्याभर पाणी प्यायचा आणि वसतिगृहात येऊन पोरांना सांगायचा, "आमच्या तांड्याच्या पाण्याची सर तुमच्या नळाला नाही."

इकडे तांड्यावर त्याचा बाप फकिरा कारभारी, म्हणजे नायकाच्या खालोखाल मान. पाणी तपासणारी माणसं अधूनमधून यायची, कोणी फिल्टरच्या गोष्टी करायची. फकिरा त्यांना चहा पाजायचा आणि सांगायचा, "आमचं पाणी यवतमाळले पास झालेलं हाये. मोठ्या सरानं पास केलं. तुमी पुढच्या गावाले जा." माणसांना उन्हातान्हात तेवढंच एक काम कमी. ती पुढच्या गावाला जायची.

गेल्या पावसाळ्यापर्यंत हे असं चाललं होतं.

पावसाळा सरता सरता शाम जंगलाच्या आतल्या एका पोडावर गेला. एका कोलाम म्हातारीनं अंगणातच त्याला अडवलं. चिखलात पंपापर्यंत जायला नको म्हणून तिनं बाटली भरूनच ठेवली होती. शामलाही घाई होती, आभाळ भरून आलं होतं. त्यानं थेंब टाकले. गुलाबी. तो पेटी बांधायला लागला आणि म्हातारीची नातवंडं त्याच्याकडे बघून हसली. तिघांच्याही दातांवर तपकिरी पट्टे.

शामचे हात थांबले. "आजी, हे पाणी पंपाचं ना?"

"इश्श!" म्हातारी म्हणाली. "पंपाचं तं आमी पेतो. पाहुण्याले कायले देऊ? हे त्या ओढ्याच्या झिऱ्याचं हाये, गोड. सकाळी जाऊन आणलं तुमच्यासाठी."

पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले तरी शाम तिथेच उभा होता. त्याला वाळू दिसत होती. बाटलीच्या तळाशी बसलेली चिमूटभर वाळू. खडकात खोल गेलेल्या पंपाच्या पाण्यात नाल्याची वाळू कुठून येणार?

त्यानंतर शामचं काही खरं राहिलं नाही. त्याच आठवड्यात तो तांड्यावर आला, मोटरसायकल धुण्याच्या निमित्तानं पंपावर गेला आणि पाठ करून, चोरासारखी बाटली भरली. पाणी असं पिवळं पडलं की दुसऱ्यांदा करून बघायची गरज नव्हती. तरी त्यानं दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदाही केलं.

रात्री जेवताना तो आईकडे बघत होता. मोतीबाईची मान आता वळत नाही. कोणी हाक मारली की ती अख्खी फिरते. गुडघे धरलेत, कापूस वेचायला वाकता येत नाही, तांड्यावर सगळे म्हणतात वय झालं. पन्नाशीच्या बाईचं असं किती वय झालं? आणि ममता हसताना तोंडावर हात धरते. लहानपणापासून धरते. तिला बघायला आलेल्या दोन ठिकाणच्या माणसांनी दात बघून नकार कळवला होता, तेव्हाही शाम वणीत मित्रांना तांड्याच्या पाण्याची चव सांगत होता. शेवटी वणीला कोळशाच्या ट्रकवर असलेला एक भला पोरगा मिळाला. आता ममता पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि नवरा सतत ट्रकवर म्हणून लेक झाल्यावर इथेच राहिली होती. लेकीचं नाव गुंजन.

शामनं दाणी सरांना फोन केला. सर आता मुलाकडे पुण्यात असतात, कमी ऐकू येतं. शाम ओरडून ओरडून सगळं बोलला. मग सर म्हणाले, "पाणी कोणी भरलं, कुठून भरलं, हे मी तुला विचारलंच नाही रे, राठोड. सगळ्या वर्गाला विचारायला शिकवलं आणि मीच विसरलो." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की शामलाच वाईट वाटलं. त्याला खरं तर कोणीतरी रागवायला हवं होतं.

लाल रंगाचा डबा त्यानं त्या दिवसापासून पेटीत ठेवला. तांड्यावर यायचा, डबा पेटीतच राहायचा, परत जायचा. फ्लोराईड म्हणजे काय हे त्यानं शेकडो लोकांना समजावलं होतं, पण आईला काय सांगायचं? तुझ्या मानेला, ममताच्या दातांना कारण तू सकाळी उठून भरलेली ती बाटली आहे, हे? तू पाहुण्याला चांगलं दिलंस, तिथे चुकलं, हे? तो वणीहून निघताना वाक्य जुळवायचा, मुकुटबनपर्यंत पाठ करायचा आणि तांडा दिसला की सगळं विसरायचा. ममताला एकदा तो एवढंच म्हणाला, "पोरीला वरचं पाणी नको देऊ सध्या." ममता म्हणाली, "अंगावर पेते ना थे अजून. काहून?" त्यानं गुडघा हलवला आणि विषय बदलला.

पण लेकरू वाढायचं थांबत नाही. दिवाळी झाली, कापूस फुटला, गुंजन बसायला लागली. मोतीबाईनं निरोप धाडला, सोमवारी ये, पोरीला पहिलं पाणी आणि पहिला घास मामाच्या हातून द्यायचा आहे.

शाम आला तेव्हा अंगण सारवलेलं होतं. दारात पाटावर ममता लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. फकिरा नवं पागोटं बांधून बाजेवर, शेजारच्या बाया भिंतीला टेकून. मोतीबाईनं घासलेली पितळी वाटी आणि चांदीचा चमचा शामच्या पुढे केला. वाटीत पाणी होतं, स्वच्छ, चकाकणारं.

"कुठलं आहे हे?" शामनं विचारलं.

बाया हसल्या. "लागला पोट्टा आपल्या धंद्याले," मोतीबाई म्हणाली. "पंपाचं हाये. आता घरचंच लेकरू हाये हे, त्याले घरचंच पाणी लागन ना? बारा महिने थेच प्याचं हाये."

शाम उठला, पेटीतून औषध आणलं आणि वाटीत थेंब टाकले. बघता बघता वाटी पिवळी झाली.

"हे काय केलं बावा शुभाच्या दिवशी!" फकिरा बाजेवरून उठलाच. "अरे, पास झालेलं पाणी हाये थे! तुह्याच सरानं पास केलं!"

"त्यांनी पंपाचं पास नाही केलं, बा." शाम म्हणाला. तो आईकडे वळला. "याडी, मले यवतमाळले जाताना बाटली तू भरून देली होती. कुठून भरली होती?"

त्याला वाटलं होतं ती गोंधळेल, आठवायला वेळ घेईल. मोतीबाईची मान वळत असती तर तिनं ती उडवलीच असती. "नाल्याची! अंधारात गेलती मी झिरा कोराले. उन्हाळ्याचा नाला, हात हात खोल वाळू काढली तवा वाटीभर पाणी लागलं. पंपाचं कायले देईन? तेवढ्या मोठ्या मास्तरले पंपाचं पाजू? चहा काळा पडते त्याचा."

हे ती इतक्या अभिमानानं बोलली की अंगणातल्या एक-दोघींनी माना डोलावल्या. मग त्या डोलायच्या थांबल्या. फकिरा पुन्हा बाजेवर बसला. पिवळी वाटी मधोमध तशीच होती.

"मंग..." मोतीबाई म्हणाली. "पास झालं थे..."

"नाल्याचं झालं."

"असं कसं? तू तं दर सुट्टीत येत होता. पेत होता. तुले कुठं काय झालं?" तिचा आवाज चढला. "दात पाह्य स्वताचे! पांढरे सफेद हायेत!"

"माझे दात पंप यायच्या आधी आले, याडी. आणि सुट्टीत मी पीत होतो ते तर..." शाम म्हणाला. ते पाणी गोड लागायचं, एवढं त्याला माहीत होतं.

ममता लेकीच्या डोक्यावर हात ठेवून बसली होती. ती खाली बघतच, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुह्यी कळशी वेगळी राह्यत होती, भिया. चुलीच्या मांगं. तू येनार असला का याडी नाल्यावर जाये. मले हात लावू देत नव्हती त्याले. म्हणे, शाम आता पामणा हाये, त्याले आपलं पाणी सोसन नाई."

पामणा म्हणजे पाहुणा. सातवीच्या सुट्टीत महिनाभरासाठी घराबाहेर पडलेला पोरगा त्या घरात परत आलाच नव्हता, पाहुणाच येत-जात होता, आणि हे त्याच्याखेरीज घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शामला रडू फुटलं. एवढा बाप्या माणूस भर अंगणात रडला, त्याची त्याला लाज वाटली नाही.

मोतीबाई अख्खी वळली, ममताकडे. ममताचा हात सवयीनं तोंडाशी गेला होता. मोतीबाईनं तो हात धरून खाली घेतला आणि लेकीच्या दातांकडे पहिल्यांदा बघावं तसं बघत राहिली.

"सारं उलटं करून बसली वं मी," ती म्हणाली. "पामण्याले थे पाजलं, अन् पोटच्या पोरीले हे."

"याडी, तुले काय मालूम होतं?" ममता म्हणाली.

"थो लाल डबा कुठं हाये?" मोतीबाईनं शामला विचारलं. "दिवाळीच्या आंधीपासून पाहून राह्यली मी तुह्या पेटीत. मले वाटलं गाडीले रंग देनार हायेस."

फकिरा म्हणाला, आधी नायकाला विचारू, चार माणसं बसवू. मोतीबाईनं त्याचं ऐकून घेतलं आणि डबा घेऊन निघाली. गुडघे धरलेले, पाऊल टाकताना तोंड वाकडं होत होतं, पण शामनं हात पुढे केला तर तिनं तो झिडकारला. ब्रश कसा धरतात तिला माहीत नव्हतं. सारवायच्या हातानंच तिनं पंपाला रंग फासला, दांड्याला, तोंडाला, खालच्या ओट्याला, बांगड्यांना आणि ओढणीलाही. पाण्याला आलेल्या बाया घागरी घेऊन उभ्या राहिल्या. लालसिंग नायकाची सून म्हणाली, "मोतीबाई, तूच तं सांगत होती पास झालेलं हाये म्हून!"

"मीच सांगत होती," मोतीबाई म्हणाली. "आता मीच सांगून राह्यली. नका पेऊ."

गुंजनचं पहिलं पाणी त्या दिवशी उशिरा झालं. शाम आणि ममता कळशी घेऊन नाल्यावर गेले, वाळू कोरून झिरा केला, पाणी निवळू दिलं. घरी आल्यावर मोतीबाईनं ते ओढणीनं गाळलं, शामच्या सांगण्यावरून उकळून गार केलं, आणि चमचा हातात द्यायच्या आधी त्याच्याकडे बघून म्हणाली, "हे चांगलं हाये कशावरून?"

शामनं थेंब टाकून दाखवले. वेगळ्या वाटीतलं ते पाणी गुलाबी राहिलं. मोतीबाईनं वाटी उजेडात धरली आणि शेजारणीला, मग फकिराला, मग पुन्हा शेजारणीला दाखवली. मग मामानं भाचीला पहिला चमचा पाजला. तिनं अर्धं पाणी हनुवटीवर सांडलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

मोतीबाईनं सवयीनं शामचा पितळी गडवा भरून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो उचलून ममताला दिला. ममता म्हणाली, "तू पे ना आंधी." शाम म्हणाला, "मी घरचाच आहे, मागून पितो." ममतानं गडवा दोन्ही हातांनी धरला, त्यामुळे तोंडावर धरायला हात उरला नाही, आणि ती हसली ते सगळ्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाम निघाला. आजवर ज्या ज्या गावात त्यानं कोणाच्या हातची भरलेली बाटली घेतली होती, ती सगळी गावं पुन्हा करायची होती, आणि ती किती होती ते त्याला झोप लागू देत नव्हतं. मोतीबाईनं वाटेसाठी बाटली भरून दिली. त्यानं ती हातात घेतली आणि विचारायला तोंड उघडलं.

"आमी पेतो तेच हाये," मोतीबाई म्हणाली. "जाय आता."